नऊ मीटरचे अप्पा

पार्ले पूर्वेच्या एखाद्या गल्लीत पहाटे साडेपाचला कुणी सद्गृहस्थ गटाराच्या कडेला वाकलेले दिसले, तर त्यांचं काही हरवलंय असं समजून मदतीला धावू नका. ते रस्ता मोजताहेत. धावलातच, तर टेपचं एक टोक तुमच्या हातात येईल, "शून्य घट्ट धर" असा हुकूम होईल आणि पुढचा पाऊण तास तुमचा उरणार नाही.

मुंबईतल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत असा एक जण असतोच. दादरला असतो, मुलुंडला असतो, बोरिवलीला तर मजल्यागणिक असतो. आमच्याकडे ते अप्पा आहेत. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी मुलाला देऊन टाकलं आणि स्वतःसाठी तीस मीटरचा फायबरचा टेप आणला. वेळ काय, सगळ्यांनाच असतो. रस्त्याची रुंदी किती जणांना ठाऊक असते, असं त्यांचं म्हणणं.

टेपशिवाय खांद्याला एक कापडी पिशवी असते. तीत आमच्या प्लॉटचं प्रॉपर्टी कार्ड, 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीची पिवळी पडलेली झेरॉक्स, 2034 च्या नियमावलीचं जाडजूड पुस्तक आणि विकास आराखड्याचा आमच्या भागाचा नकाशा. नकाशाला लॅमिनेशन केलेलं आहे. "पावसात भिजला तर आरक्षण पुसलं जाईल," अप्पा म्हणतात, "आणि आरक्षण पुसायचा अधिकार फक्त मंत्रालयाला आहे."

माणसांकडे बघायची त्यांची नजरही आता नगररचनाकाराची झाली आहे. पहिल्या मजल्यावर बारसं झालं. पेढा हातात घेत अप्पा म्हणाले, "म्हणजे आता अडतीस चौरस मीटरमध्ये सहा माणसं." एका लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. बासुंदीची दुसरी वाटी संपवून त्यांनी वर छताकडे पाहिलं, खांब मोजले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हा हॉल मंजूर नकाशात नाही. इथे पार्किंग दाखवलंय. आपण दोघं आत्ता एका मोटारीच्या जागेत जेवतोय." मोटारीच्या जागेचा त्यांना विशेष राग. नियमाप्रमाणे मोठ्या गाडीची एक जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 148 चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. "बारा फुटांचाच काय तो फरक," अप्पा म्हणतात, "पण चाळीतल्या खोलीला आठ माणसांचा कुटुंबकबिला असायचा. गाडी एकटीच राहते, आणि तिची जागा दाखवल्याशिवाय माणसाच्या घराला परवानगी नाही."

आमची इमारत 1968 ची. तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. प्रत्येक घर 412 फूट कार्पेट. गॅलऱ्यांना खालून लोखंडी टेकू दिलेत, त्यांवर आता दोऱ्या बांधून वाळवणं घालतात. बारांपैकी तीन घरांना कुलूप आहे. मालकांची मुलं अमेरिकेत, आईवडील त्यांच्याकडे किंवा त्यांच्याही पलीकडे. भाड्याने देत नाहीत, विकत नाहीत. 'रीडेव्हलपमेंट होऊ दे, मग बघू'. 2011 च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली होती. त्यांतली तीन आमच्या जिन्यावर आहेत, एवढीच माझी त्या आकड्यात भर.

अप्पांचा सगळा जीव ज्या नऊ मीटरमध्ये अडकलाय, ते प्रकरण त्यांनी मला गच्चीच्या कठड्यावर खडूने समजावलं होतं. आमचा प्लॉट 600 चौरस मीटरचा. उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, एक; म्हणून 600 मीटरचं बांधकाम. आपलं झालेलंच आहे तेवढं. पण समोरचा रस्ता नऊ मीटरचा असेल, तर पालिकेला पैसे भरून अर्धा एफएसआय आणखी मिळतो आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा बांधकामाचा हक्क, घेऊन आणखी अर्धा. झाले दोन. 600 चे 1200. रस्ता रुंद होत जाईल तसा आकडा वाढत अडीचपर्यंत जातो.

"आणि नऊपेक्षा कमी असेल तर?" मी विचारलं.

अप्पांनी 1200 वर काट मारली आणि खडू हातात चुरडला. "तर एकच. वर सोसायटी म्हणून थोडं किडूकमिडूक. त्यात आपली बारा घरं कशीबशी उभी राहतील, बिल्डरला विकायला काही उरणार नाही. तो काय धर्मशाळा बांधायला येतोय?"

या नियमात खोट काढायला जागा नाही. अरुंद गल्लीत उंच इमारत उठली तर आगीचा बंब कुठून शिरणार, हा रास्त प्रश्न आहे. पण नियमाला रेषा लागते, आणि रेषेच्या अलीकडे सेंटीमीटरभर उभं राहणाऱ्याला सगळं आयुष्य त्या सेंटीमीटरकडे बघत काढावं लागतं. आमच्या फाटकासमोर रस्ता भरतो 8.74 मीटर.

हे एफएसआय प्रकरण मुंबईत 1964 च्या विकास आराखड्याबरोबर आलं. तेव्हापासूनचा इतिहास अप्पा न थांबता सांगू शकतात आणि सांगतातच. संध्याकाळी गच्चीवर गेलेला माणूस 1976 च्या आधी खाली उतरत नाही. 1976 म्हणजे नागरी कमाल जमीन धारणा कायदा. मुंबईत 500 चौरस मीटरच्या वर मोकळी जमीन कुणी ठेवायची नाही, जास्तीची सरकार घेणार, त्यावर गरिबांना घरं. हेतू सोन्यासारखा. मालकांनी सवलतींचे अर्ज केले, कोर्टात गेले, आणि घरांसाठी मोकळी व्हायची ती बरीचशी जमीन फायलीत अडकून पडली. 2007 साली राज्याने तो कायदा गुंडाळला. "तीस वर्षं जमिनीवर गवत वाढलं, वकिलांच्या घरात मुलं," अप्पा म्हणतात. त्यांचा चुलतभाऊ वकील आहे. त्याचं पार्ल्यात तीन बेडरूमचं घर आहे. हा इतिहास त्यामुळे थोडा वैयक्तिक होतो.

त्याच्याही मागे 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. गिरगावातल्या चाळीत राहणारे अप्पांचे मेव्हणे त्याचे वारकरी. भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली गेली आणि पुढे अर्धशतक गोठलेलीच राहिली. मेव्हण्यांच्या भाड्याची पावती फाडायला येणाऱ्या माणसाचा बसखर्चदेखील त्या भाड्यातून निघत नाही. त्यामुळे मालक डागडुजी करत नाही, भाडेकरू सोडत नाही आणि भाड्याने द्यायला नवी घरं बांधायची बुद्धी कुणाला होत नाही. "मेव्हण्यांवर माझा राग नाही," अप्पा म्हणतात. "मी त्यांच्या जागी असतो तर मीपण जिन्याचा कठडा धरून बसलो असतो. पडला असता तरी धरून बसलो असतो."

अप्पांच्या इतिहासातलं माझं आवडतं प्रकरण मात्र फ्लॉवर बेडचं. 1991 च्या नियमावलीने शहरात 1.33 आणि उपनगरात 1 एवढाच एफएसआय ठेवला, पण काही गोष्टी त्यातून वगळल्या. खिडकीबाहेर फुलझाडं लावायची पट्टी, भिंतीतला कोनाडा, अशा किरकोळ. यावर मुंबईच्या बांधकाम व्यवसायाला बागकामाचं जे वेड लागलं, त्याला तोड नाही. घराघराला फ्लॉवर बेड. दिवाणखान्याला फ्लॉवर बेड, बेडरूमला फ्लॉवर बेड, न्हाणीघरालासुद्धा फ्लॉवर बेड. ताबा मिळाला की मधली भिंत काढायची, खोली वाढली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सात मजली इमारतीत अप्पा सत्यनारायणाला गेले होते. यजमानांनी सोफ्यावर बसवलं. अप्पा बसले, डावीकडे-उजवीकडे पाहिलं आणि तीर्थ घ्यायच्या आधी म्हणाले, "मी आत्ता झेंडूच्या जागी बसलोय ना?" शेवटी जानेवारी 2012 मध्ये पालिकेने ही बाग बंद केली, सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरवलं आणि त्याबदल्यात 35 टक्के जास्तीचा, 'फंजिबल' म्हणतात तो एफएसआय पैसे भरून द्यायला सुरुवात केली. आता निदान फुलांच्या नावावर काही चालत नाही.

टीडीआरही 1991 चाच. रस्त्याला, शाळेला किंवा मैदानाला जमीन दिली की पैशांऐवजी कागद मिळतो, आणि तेवढं बांधकाम दुसऱ्या प्लॉटवर करता येतं. गंमत अशी की त्या वेळच्या नियमाप्रमाणे हा कागद मूळ जागेच्या उत्तरेलाच वापरता यायचा, बेटावरच्या शहरात नाही. "सगळी हवा दक्षिणेकडून उत्तरेला," अप्पा हात हलवून दाखवतात. "कुठेतरी सांताक्रूझला मैदान झालं की पार्ल्यात तीन मजले चढायचे. मैदान त्यांना, मजले आम्हाला, आणि गटार तेच." त्यात पार्ल्यातले जुने बंगले गेले, चारमजलीच्या सातमजली झाल्या. आमची तेवढी राहिली. त्या वेळी चेअरमन अप्पाच होते आणि त्यांनी आलेले चारही बिल्डर परत पाठवले होते, कारण पुढे एफएसआय वाढणार अशी त्यांना आतली बातमी होती. हा विषय गच्चीवर निघत नाही.

तर प्रश्न असा, की एफएसआय वाढवावा की नाही? यावर जाणत्या लोकांमध्ये खरोखर वाद आहे. अलाँ बर्तो हे जागतिक बँकेत काम केलेले फ्रेंच नगरतज्ज्ञ. त्यांनी मुंबईचा कमी एफएसआय नेहमीच टीकेचा विषय केला: जमीन एवढी महाग आणि तीवर मजले एवढे कमी, मग माणसांच्या वाट्याला घर येणार किती आणि कितीला? याउलट नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, शिरीष पटेल. ते सांगत राहिले की मुंबईकराचं घर मुळात लहान, त्यामुळे तेवढ्याच बांधकामात इथे परदेशातल्या शहरांपेक्षा किती तरी जास्त माणसं मावतात. मजले वाढवलेत तर ती रस्त्यावर, मैदानावर, स्टेशनवर उतरणार, आणि तिथे आधीच पाय ठेवायला जागा नाही. मला दोघांचंही पटतं. अप्पांनाही पटतं, पण त्यांनी वाटणी केली आहे. आमच्या इमारतीचा विषय असला की ते बर्तो असतात. समोरच्या इमारतीचा विषय निघाला की शिरीष पटेल.

याचा लेखी पुरावा आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये पालिकेने नव्या विकास आराखड्याचा मसुदा काढला. त्यात काही स्टेशनांच्या परिसरात एफएसआय आठपर्यंत नेला होता. मुंबईभर गदारोळ झाला. मसुद्यात चुकाही ढिगाने होत्या. जिथे वस्ती आहे तिथून रस्ता, जिथे देऊळ आहे तिथे भलतंच काही. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. अप्पांनी दोन नोंदवल्या. पहिलीत लिहिलं होतं, की 'सदर परिसरातील पाणीपुरवठा, मलनिःसारण व रस्ते यांची क्षमता संपुष्टात आली असून वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक दिल्यास नागरी जीवन उद्ध्वस्त होईल.' दुसरीत लिहिलं होतं, की 'सदर इमारतीचे रहिवासी वयोवृद्ध असून पुनर्विकासासाठी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक मिळणे अत्यावश्यक आहे. परिसरातील पाणीपुरवठा, मलनिःसारण व रस्ते पुरेसे आहेत.' एकच पेन, एकच वळण, एकच कार्बन पेपर. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही अर्ज वाचले, अप्पांकडे पाहिलं आणि लागोपाठचे दोन आवक क्रमांक टाकून दिले. अशा जोड्या त्यांना सवयीच्या असाव्यात. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच परत पाठवला. अप्पांनी गच्चीवर कॉफी दिली. कुठल्या अर्जाचा विजय झाला, ते मी विचारलं नाही.

दुरुस्त केलेली नियमावली, म्हणजे ती 2034 ची, लागू झाली 1 सप्टेंबर 2018 ला, आणि तिच्यात ते नऊ मीटर आले. तेव्हापासून आमच्या गल्लीत पहाट अशी उजाडते.

मी शून्य धरून उभा. शून्य म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीचा बाहेरचा चेहरा. बोटाने दाबून धरायचं, नखाएवढीही फट नको. अप्पा टेप सोडत सोडत उलट्या पावली समोर चाललेले. वाटेत गटारावरचं झाकण, दुधाचे क्रेट आणि एक झोपलेलं कुत्रं. कुत्र्यावरून टेप नेला तर तो वर उचलला जातो आणि माप वाढतं. अप्पांना ते चालेल, पण पालिकेला चालणार नाही. म्हणून अप्पा कुत्र्याला अदबीने उठवतात. टेप ताणतात. चष्मा कपाळावर घेतात. "आठ चौऱ्याहत्तर." वळणावर आठ एकसष्ट. मग समोरच्या, नानांच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर त्यांची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडली होती आणि बांधताना गवंड्याने थोडी आत घेतली. तिथे मोजलं की नऊ शून्य दोन. "पडली हे केवढं पुण्य त्या भिंतीचं!" अप्पा म्हणतात आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र टेपशेजारी धरायला लावून फोटो काढतात. वॉर्ड ऑफिसातल्या सर्व्हेअरने तो फोटो पाहून सांगितलं होतं, की रस्ता जिथे सगळ्यात अरुंद तिथे तो मोजायचा. अप्पांच्या मते ही वृत्तीच नकारात्मक आहे.

समोरच्या सोसायटीतल्या नानांकडे स्वतःचा टेप आहे. स्टीलचा, पाच मीटरचा. एके दिवशी तेही उतरले. "फायबर दमट हवेत सैल पडतं हो अप्पा. तुमचे नऊ शून्य दोन म्हणजे माझे आठ अठ्ठ्याण्णव."

"तुमचा पाच मीटरचा टेप. दोनदा टेकवायचा, मध्ये बोटभर चुकणार. माझा एकसंध आहे."

पंधरा मिनिटं हे चाललं. दोघंही शाळेत एका वर्गात होते. त्याही वेळी पट्टीवरूनच भांडायचे म्हणे. शेवटी मीच धीर करून म्हणालो, की आपल्याला कमी पडताहेत 26 सेंटीमीटर. या बाजूच्या सोसायट्यांनी भिंत 13 सेंटीमीटर आत घेतली, त्या बाजूच्यांनी 13, वळणावर थोडी जास्त, की गल्ली टोकापासून टोकापर्यंत नऊची होईल. तुमची इमारत दुप्पट, त्यांचीही दुप्पट. दोन्ही बाजूंची मिळून दीडशेएक घरं आहेत, त्यांची तीनशे होतील. आणि रस्त्याला जागा दिली म्हणून तिचाही एफएसआय मिळेल.

क्षणभर दोघं गप्प झाले. तेरा सेंटीमीटर म्हणजे पुरती वीतही नाही.

मग नाना म्हणाले, "आम्ही भिंत आत घेऊ. पण तुमचे दहा मजले झाले की आमच्या स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन गेलं. त्याचं काय?"

"आणि तुमचे दहा झाले की आमचा वारा गेला!" अप्पा म्हणाले. "आधी तुम्ही भिंत घ्या."

"आधी तुम्ही घ्या. तुमचं अडलंय."

"अडलंय कुणाचं? गॅलरीला टेकू तुमच्या लागले आधी!"

भिंती तिथेच आहेत. गल्लीत तीनशे घरं झाली असती तर भाव उतरला असता असा माझा दावा नाही. मुंबईत एफएसआय वाढला की आधी जमिनीचा मालक भाव वाढवतो, मग पालिका प्रीमियम घेते. त्या अर्ध्या एफएसआयला जमिनीच्या सरकारी दराच्या 50 टक्के. मग बिल्डरचं व्याज, मग टीडीआरवाला, आणि सगळ्यांचं पोट भरल्यावर उरलेला आकडा घर घेणाऱ्याच्या कपाळी. बांधायची परवानगी हीच पालिकेच्या तिजोरीत पैसा आणणारी मोठी वस्तू झाली, की ती स्वस्त आणि मुबलक करायची घाई कुणाला असेल? तरीही दीडशे घरं कमी झाली म्हणून दीडशे कुटुंबं नाहीशी होत नाहीत, ती फक्त पुढच्या स्टेशनवर जातात. हे अप्पांना कुणी समजावण्याची गरज नाही. त्यांच्या घरातलंच एक कुटुंब गेलंय. पण ते पुढे.

दरम्यान सोसायटीत सभा होतात. पूर्वी पुनर्विकासाला बरीच जास्त संमती लागायची, 2019 पासून 51 टक्के सभासदांची पुरते. बारा बिऱ्हाडांत म्हणजे सात. आमच्याकडे कुठल्याही प्रस्तावाला सहा मिळतात. एक आजोबा तळमजल्यावरच्या अनंताच्या झाडासाठी विरोध करतात. एकांना पश्चिमेचं तोंड हवं. अमेरिकेतली तीन घरं व्हिडिओ कॉलवर येतात आणि तिथे रात्रीचे अकरा वाजले असल्याने तटस्थ राहतात. एका सभेत बिल्डरचा माणूस चकचकीत पुस्तिका घेऊन आला होता. चाळीस टक्के जास्त कार्पेट, वर कॉर्पस, भाडं, सामान हलवायचा खर्च. अप्पांनी पुस्तिका मिटली आणि विचारलं, "उंचीचं काय?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. फार खालून गेलं. सगळे थांबले, खिडक्यांच्या काचा थरथरून शांत झाल्या.

"हे," अप्पा वर बोट करून म्हणाले.

आम्ही विमानतळाला खेटून राहतो. फनेल झोन म्हणजे विमानांच्या वाटेखालचा पट्टा; तिथे इमारत किती उंच करायची ते विमानतळ प्राधिकरण ठरवतं. खाली नऊ मीटर भरले, एफएसआय दोन झाला, फंजिबल मिळाला, तरी तो रचायचा कुठे? पसरावं तर आजूबाजूला सोडायची मोकळी जागा आडवी येते. वर जावं तर दिल्लीचं विमान. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, की सरकार फनेल झोनवाल्यांसाठी काहीतरी काढणार आहे. हे सगळेच सांगतात, निवडणुकीच्या सुमारास तर छापून सांगतात. अप्पांना मात्र आता विमानाच्या पोटाकडे बघून उंचीचा अंदाज येतो. "याने जरा दहा मीटर वरून जायला काय हरकत आहे?" असं ते एकदा फार मनापासून म्हणाले.

अप्पांच्या घरातून गेलेलं ते कुटुंब म्हणजे त्यांचा मुलगा. तो बदलापूरला राहतो. लग्नानंतर दोन वर्षं त्याने 412 फुटांत काढून पाहिली. आईवडील आत, ही दोघं हॉलमध्ये, नात झाल्यावर पाळणा स्वयंपाकघराच्या दारात. अप्पांनी तेव्हाही मोजून सांगितलं होतं, की पाळण्याच्या झोक्याला चार फूट लागतात आणि दार अडीचचं आहे. पार्ल्यात भाड्याची चौकशी केली, विकतची केली, हसून परत आला. त्याच्याबरोबर खेळलेली आमच्या गल्लीतली मुलं अशीच निघून गेली: डोंबिवली, विरार, पनवेल, काही थेट न्यू जर्सी. सून पहाटेची लोकल पकडते, मुलगा रात्री साडेनऊला घरी पोचतो. नातीला आजोबा रविवारी भेटतात.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. बदलापूरला उतरल्यावर अप्पांचा चेहरा उजळतो, हे मी तेव्हा पाहिलं. रस्ते रुंद, नियमावली वेगळी. मुंबई सोडून उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला 2020 च्या डिसेंबरपासून एकच एकत्रित नियमावली आहे. ती त्यांनी अजून विकत घेतलेली नव्हती आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. मुलाच्या इमारतीसमोर त्यांनी पावलांनीच रस्ता मोजला. "अठरा! अरे अठरा मीटर! या लोकांना कळतंय का आपण कुठे राहतो ते?" नात त्यांचं बोट धरून पावलं मोजत होती. तिचे अठ्ठेचाळीस आले.

घर चौथ्या मजल्यावर. बाल्कनीतून डोंगर दिसतो. सुनेने पोहे दिले. अप्पा ताटली घेऊन बाल्कनीत गेले आणि पहिला घास घ्यायच्या आत परत आले.

"समोरच्या प्लॉटवर पत्रे लावलेत. बोर्ड लागलाय. बावीस मजले!"

"हो अप्पा," मुलगा म्हणाला.

"अरे हो काय? तुमचा डोंगर जाणार. ऊन जाणार. इथे पाणी किती येतं? एक दिवसाआड? आणि त्यात बावीस मजल्यांची भर! ड्रेनेजचा विचार केलाय कुणी? कागद दे मला एक. नगरपालिकेचा पत्ता काढ. आजच्या आज हरकत टाकू. मसुदा माझ्याकडे तयारच असतो, नाव बदलायचं फक्त."

सुनेने मुलाकडे पाहिलं. मुलाने पोह्यांकडे पाहिलं. तोवर अप्पांनी नातीच्या वहीतला कागद घेतला होता, चष्मा कपाळावरून खाली आला होता आणि 'सदर परिसरातील पाणीपुरवठा, मलनिःसारण' एवढं लिहूनही झालं होतं.

"अप्पा," मुलगा म्हणाला, "त्यात आम्ही बुक केलंय. दोन बेडरूमचं. तुम्ही दोघं इकडे आलात तर एक खोली असावी म्हणून."

अप्पांचं पेन थांबलं. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर एक चौकोन काढला आणि त्याच्या वर पेन टेकवून विचारलं,

"कार्पेट किती?"